गेममध्ये मच्छिमारांचं गाव कसं उभं करायचं (पहिल्यांदा डीएम होणाऱ्यांसाठी)

पहिल्यांदा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, झालो तेव्हा माझ्या गेममध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा, टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) पण एक मच्छिमारांचं गाव होतं. होतं म्हणजे काय, एक खाणावळ, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला म्हातारा आणि "इथे माशांचा वास येतोय" एवढं एक वाक्य. दहा मिनिटांत प्लेअर्स गावाबाहेर. त्यातला एकजण वेसाव्याचा, म्हणजे तुम्ही वर्सोवा म्हणता तिथला, त्याने जाता जाता विचारलं की बोटी परत कधी येणार? मी म्हटलं संध्याकाळी. तो म्हणाला, "संध्याकाळी कशा येतील रे, पाणी असेल तेव्हा येतील ना." मी दादरला वाढलोय, चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटं, आणि आज भरती किती वाजता हे मला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर तेच गाव मी तीनदा पाडून परत बांधलं आणि आता ज्या क्रमाने बांधतो तो क्रम इथे लिहितोय. सिस्टीम कुठलीही चालेल, डी२० (वीस बाजूंचा फासा) असो नाहीतर दोन साधे फासे. नवीन लोकांसाठी एवढंच, एनपीसी म्हणजे डीएमने ज्यांच्या तोंडून बोलायचं ती गावातली माणसं. बाकी खेळता खेळता कळतं.

पायरी १: नकाशा बाजूला ठेवा, आधी पाणी

सगळे नवीन डीएम नकाशापासून सुरू करतात, मी पण केलं, दोन रात्री घालवल्या, आणि प्लेअर्सनी तो बघितलापण नाही. मच्छिमारांचं गाव घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतं. पाणी चढलेलं असेल तर होडी खाडीतून बाहेर पडते, उतरलं की तीच होडी चिखलात आडवी पडलेली असते आणि मग मागे ड्रॅगन लागला तरी तुम्ही तिथून निघू शकत नाही.

आता हे ठरवायचं कसं, तर आपल्या जुन्या लोकांचा एक सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. आजोबांच्या पिढीला पाऊणकी पाठ होती, आपण मोबाईलवर करायचं, काही बिघडत नाही.

गेमच्या जगात महिना ३० दिवसांचा आणि चंद्र एकच ठेवा. मी एकदा हौसेने दोन चंद्र ठेवले होते, गणित असं बोंबललं की तिसऱ्या सेशनला एक चंद्र राक्षसाने गिळला असं जाहीर करावं लागलं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली पण जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ये-जा कमी. पावसाळ्यात बातम्यांमध्ये "साडेचार मीटरच्या लाटा" म्हणून आपल्याला घाबरवतात ना, त्या बहुतेक वेळा लाटा नसतातच, तो उधाणाच्या भरतीच्या पाण्याच्या उंचीचा आकडा असतो.

डीएमसाठी खरा माल इथे आहे. उधाणाला भरती अकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला, आणि ती नेहमीपेक्षा खोल. जे खडक, जे बुडालेलं देऊळ, जी गुहा एरवी पाण्याखाली असते ती फक्त त्या दोन-चार दिवसांत, सूर्य उगवताना नाहीतर मावळताना उघडी पडते. हे मी कल्पनेने लिहित नाहीये, मुंबईत उधाणाच्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बघा, पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हे तर सगळ्यांनी पाहिलंय, आपल्याकडे तो रेडीमेड डन्जनचा (हिरोंनी शिरायची धोक्याची जागा) दरवाजाच आहे म्हणा.

म्हणून माझा पहिला सेशन कायम एकादशीला सुरू होतो. गुहा पौर्णिमेला उघडणार, हातात चार दिवस. प्लेअर्सना कोणी "लवकर करा" म्हणावं लागत नाही.

आत गेल्यावर बारा शिंपले एका वाटीत ठेवा, एक शिंपला म्हणजे दहा मिनिटं, प्रत्येक मोठ्या कामाला एक शिंपला काढायचा. सहा संपले की सांगा, पाणी फिरलं. शेवटच्या चार शिंपल्यांना घोटा, गुडघा, कंबर, छाती. गुहा खालच्या अंगाला असल्यामुळे तिथे पाणी लवकर भरतं असं धरा. बाहेरचं पाणी मात्र सहा तास एकाच वेगाने चढत नाही, पहिल्या तासाला आळशासारखं बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन हिस्से, आणि मधल्या दोन तासांत तीन-तीन, म्हणजे अर्धी भरती त्या दोन तासांतच येते. त्यामुळे "अजून वेळ आहे" म्हणत किनाऱ्यावर बसलेला प्लेअर नेमका अडकतो.

पायरी २: गाव नक्की काय पकडतं

"मासे" हे उत्तर नाही. एक मासा आणि एक जाळं निवडा, बाकी गाव त्यातून आपोआप निघतं. माझ्या गावाचं नाव नांगरवाडी (एका प्लेअरला शेवटपर्यंत वाटत होतं की हे शेतकऱ्यांचं गाव आहे, बोटीला पण नांगर असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं), आणि नांगरवाडी डोलीवर जगते.

डोल म्हणजे पिशवीसारखं लांब निमुळतं जाळं. समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं आणि पाण्याची ओढ बोंबील, जवळा, करंदी आपसूक आत लोटते. माशाच्या मागे धावायचं नाही, पाण्याला काम करू द्यायचं. पाणी फिरायच्या आधी थोडा वेळ थांबतं, तेव्हा जाळं उचलायचं. आता विचार करा यातून काय काय निघतं: उधाणाला ओढ जास्त म्हणून गावातले पुरुष समुद्रात, भांगेला ओढ कमी म्हणून सगळे किनाऱ्यावर, जाळी दुरुस्त करणं, लग्नाची बोलणी, जुनी भांडणं उकरणं सगळं त्याच दिवसांत. म्हणजे तुमचे हिरो उधाणाला गावात पोचले तर त्यांना भेटणार बायका, म्हातारे आणि पोरं, आणि डन्जन पण नेमकं तेव्हाच उघडणार. मदतीला कोणी धडधाकट माणूस नाही, हे कारण मला ओढूनताणून आणावं लागलं नाही.

शिवाय खुंटाची जागा. ती पिढ्यानपिढ्या कोणाची ना कोणाची ठरलेली असते असं धरा, वर काही दिसत नाही, नुसतं पाणी, पण खाली कोणाचा खुंट कुठे हे सगळ्या गावाला माहीत. खून पडायला एवढं पुरतं.

दुसऱ्यांदा मी गाव चालवलं तेव्हा भर पावसाळ्याचा सीन ठेवला होता, ढग, वादळ, आणि वातावरणनिर्मिती म्हणून किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले. वेसाव्याच्या मित्राने फासा खाली ठेवला. "पावसात बोंबील सुकवतोस?" मग त्याने नीट सांगितलं, बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, त्याला कडक ऊन आणि वारा लागतो. बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडीने दोरीवर टांगायचे, एक इकडे एक तिकडे. ढग आले की सगळं घर धावतं. हे ऐकून मी तिथल्या तिथे एनपीसी बदलला, आता ती एक आजी आहे जी गुडघेदुखीवरून पाऊस ओळखते आणि गावातले तालेवार लोक ड्रूइडपेक्षा (निसर्गाची जादू करणारा) तिचं जास्त ऐकतात.

खऱ्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून झाकून ठेवतात, त्याआधी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकं भरून ठेवायचं, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन परत सुरुवात. गेममध्ये हे दोन महिने कोरडे समजू नका. पैसा नाही, पुरुष घरात, धान्य उधारीवर, अशा वेळी जो कोणी अनोळखी माणूस "एक रात्रीचं काम आहे, होडी हवी" म्हणत येतो त्याला कोण नाही म्हणणार?

पायरी ३: पैसा कोणाच्या हातात

हे बहुतेक लोक करतच नाहीत. सरपंच एक, पुजारी एक, लोहार एक, झालं गाव. समुद्राच्या गावात लोहाराच्या आधी हे लोक लागतात: नाखवा, म्हणजे बोटीचा मालक. तांडेल, समुद्रात बोट त्याच्या शब्दावर चालते, मग मालक बोटीत बसलेला असला तरी. खलाशी, त्यातले काही बाहेरगावचे. आणि कोळीण, जी मासळी विकते आणि घरातला पैसा जिच्या कमरेला असतो. खर्च वजा जाता उरलेल्याचे हिस्से पडतात, बोटीचा एक, जाळ्याचा एक, मग माणसांचे. गेममध्ये हिस्से एवढेच सोपे ठेवा, पण ठेवा. प्लेअर्सनी समुद्रातून खजिना आणला की तांडेल शांतपणे विचारेल, "बोटीचा हिस्सा कुठाय?" तो डायलॉग तलवारबाजीपेक्षा भारी होतो, अनुभवाने सांगतोय, आमच्याकडे चाळीस मिनिटं घासाघीस चालली.

बाजार बघायचा असेल तर पहाटे ससून डॉकला जाऊन या. १८७५ पासूनची गोदी आहे ती, अंधार असतानाच टोपल्या उतरतात, ओल्या फरशीवर मासळीचे ढीग, बोली लागलेली, आणि तुम्ही मध्ये उभे राहिलात की तुम्हाला ढकललं जाणार हे नक्की. तिथे पाच मिनिटं उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळीकडे काय पसरलंय, तर बर्फ. बर्फ नाही तर दुपारपर्यंत माल गेला.

आता फँटसी जगात बर्फाचा कारखाना नाही. पण थंडीची जादू तर लेव्हल १ च्या पोराला पण येते ना? म्हणून नांगरवाडीतला सगळ्यात ताकदवान माणूस कोणी सेनापती नाही, एक फालतू जादूगार आहे, शाळेतून नापास होऊन आलेला, त्याला एकच मंत्र येतो आणि तो बर्फ विकतो. सगळं गाव त्याचं देणेकरी. त्याने एक दिवस तब्येत बरी नाही म्हटलं की भाव पडतो. त्याच्याशी लढून काही उपयोग नाही, मारला तर गाव उपाशी. नवीन डीएमना माझा सल्ला, जादूचा विचार असाच करा, गावातल्या धंद्याला तिने काय होईल. क्लेरिकने (देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी) रोज फुकट जेवण तयार केलं तर कोळणी त्याला ओवाळणार नाहीत, पाटी घेऊन मारायला येतील.

पायरी ४: आता नकाशा, पण छोटा

साठेक घरं, बारा होड्या, साडेतीनशे माणसं, बस. ए-फोर कागदावर खाडीचं तोंड, होड्या लावायची जागा, सुकवायचं मैदान, बाजाराचा कट्टा, देऊळ, आणि टोकाला एक पडका किल्ला. किल्ला मी वरळीवरून घेतला, कोळीवाड्याच्या टोकाला तो उभाच आहे. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ वेगळ्या रंगाने काढा, मधल्या पट्ट्यात चिखल, निवट्या, चिंबोऱ्या, खडकावर कालवं फोडणाऱ्या बायका. प्लेअर्सचा अर्धा वेळ त्याच पट्ट्यात जातो. गल्ल्या अरुंद ठेवा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओटीवर चढायचं. फायरबॉल टाकणाऱ्याला तिथे दोनदा विचार करावा लागतो.

पायरी ५: देव आणि भीती

समुद्रदेवता, हातात त्रिशूळ, दाढी. नको, कंटाळा आला. आपल्या कोळ्यांची एकवीरा आई कुठे आहे, कार्ल्याच्या डोंगरावर! दर्यावरचे लोक आणि देवी घाटात. चैत्रात यात्रेला सगळे तिकडे. हे उचलून गेममध्ये टाकलं की बघा, वर्षातून काही दिवस गाव जवळजवळ रिकामं, राखायला दोन म्हातारे आणि तुमची पार्टी, म्हणजे प्लेअर्सची टोळी.

कौल पण घ्या. वरळीच्या गोल्फादेवीला लोक कौल लावतात, मोठं काम करायच्या आधी देवीला विचारायचं. गेममध्ये हो-नाहीसाठी डी६ टाका, १-२ नाही, ५-६ हो, ३-४ ला देवी गप्प. गप्प सगळ्यात वाईट, कारण मग प्रत्येकजण आपल्याला हवा तो अर्थ काढतो आणि गावात दोन गट पडतात.

मोठी दंतकथा हवी असेल तर महालक्ष्मीची बघा. १८व्या शतकात वरळीच्या खाडीवर बांध घालत होते, हॉर्नबी वेलार्ड म्हणतात तो, आणि तो सारखा ढासळत होता. मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, माझी मूर्ती समुद्रात आहे ती काढ म्हणाली, जाळ्यात मूर्ती सापडल्या आणि बांध टिकला, अशी आख्यायिका. यात स्वप्न आहे, समुद्रतळ आहे, सरकारी काम अडकलंय, अजून काय पाहिजे?

भुतांमध्ये दोन पुरतात. गिऱ्हा, म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, ते वाटसरूला फसवून खोल पाण्यात नेतं, आणि कोकणात असंही सांगतात की त्याचे केस कापून लपवून ठेवले की ते तुमच्याकडे नोकरासारखं राबतं, केस परत मिळेपर्यंत. पार्टीतला चोर असेल तो इथे लगेच पुढे येतो. दुसरा चकवा, रस्ता चुकवून गोल गोल फिरवतो. तो जमिनीवरचा, पण मी तो धुक्यात समुद्रावर आणला: प्रत्येक तासाला तांडेलसाठी फासा टाकायचा, फेल गेला की परत तोच खडक, तेच बगळे. मारामारी नाही, स्टॅट्स (ताकदीचे आकडे) नाहीत, आणि टेबलावर चिडीचूप.

पायरी ६: भानगड

व्हिलन शोधत बसू नका, गावाला काय परवडत नाही ते शोधा. वरळीला कोस्टल रोडचा पूल होताना खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलं होतं, उसळत्या पाण्यात बोटी तिथून काढणं धोक्याचं म्हणून कोळ्यांनी ते वाढवून मागितलं, बरंच भांडण झालं आणि शेवटी १२० मीटर करायचं ठरलं. हीच गोष्ट गेममध्ये ठेवा, राणीचा पूल येतोय, इंजिनिअर बौना आहे आणि तो वाईट माणूस नाही, त्याला खरंच वाटतं की साठ पुरेत. त्याला होडीत बसवून उधाणाला दाखवायचं, हेच मिशन. आमच्या टेबलवर बौना वाटेत तीनदा ओकला आणि मग मान्य झाला.

किंवा लॉटरी. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेच्या वर घोळी (घोळ मासे) लागल्या आणि कोटीच्या वर रक्कम झाली, घोळीच्या पोटातल्या पिशवीला परदेशात प्रचंड भाव असतो म्हणून. गेममध्ये सगळ्यात कर्जबाजारी नाखव्याला असं घबाड द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात कोण कोण उभं आहे ते प्लेअर्सना बघू द्या. बर्फवाला पहिला.

बोलण्याबद्दल एक

कोळणीचा आवाज काढून कॉमेडी करू नका. आमच्यात एकाने टीव्हीवरच्यासारखा हेल काढला, सगळे हसले, वेसाव्याचा मित्र नाही हसला. त्याची आई पहाटे तीनला उठून बाजार गाठायची. तेव्हापासून नियम, एनपीसी साध्या मराठीत बोलणार, फक्त कमी शब्दांत आणि मुद्द्यावर. तांडेलला "अहो तांडेल" म्हणा, म्हातारीला आजी नाहीतर आय म्हणा, आणि भाव विचारून न घेता पुढे गेलात तर काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे, तेवढं मात्र जसंच्या तसं येऊ द्या.

पहिला सेशन कसा उघडायचा

खाणावळीत नाही. एकादशी, सकाळचे सव्वाआठ, भरती पूर्ण. सगळ्या होड्या आल्या आहेत, एक नाही आली. किनाऱ्यावर कोणी रडत नाहीये, सगळे टोपल्या उतरवतायत, फक्त एक बाई पाण्याकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्या पाटीत अजून काही पडलेलं नाही. बर्फवाला तिच्याकडे न बघता भाव ओरडतोय. प्लेअर्सना विचारा, तुम्ही काय करता? आणि गप्प बसा. कोणीतरी विचारेलच की होडी आता परत कधी येऊ शकते. तुम्ही तिथीची पाऊणपट करून ठेवलेली आहे, त्यामुळे तुम्हाला उत्तर माहीत आहे: आता पाणी उतरणार, रात्री साडेआठपर्यंत खाडीत कोणी येत नाही की जात नाही.